जुनी आलिशान गाडी कोल्हापुरात घेताना: इंजिन, खर्च आणि उद्यमनगर

कोल्हापूरला गाड्यांचा नाद जुना आहे. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा निम्मे मोबाईल तिच्याकडेच वळलेले असतात. आता हा नाद आवाक्यात आल्यासारखा वाटतो. २०१२ च्या सुमाराची, नवी असताना चाळीस-पंचेचाळीस लाखांची बीएमडब्ल्यू ५२०डी किंवा मर्सिडीज ई-क्लास आज नव्या स्विफ्टच्या आसपासच्या पैशात मिळते. ऊसबिल जमा झालं की असल्या गाड्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतात.

गाडीची किंमत उतरली, पण तिच्या पार्टची उतरली नाही. ५२०डीचा टर्बो अजूनही चाळीस लाखांच्या गाडीचाच टर्बो आहे. म्हणून अशी गाडी बघताना माझा पहिला प्रश्न ‘हिला नेमका आजार कोणता होतो आणि तो कोल्हापुरात बरा होतो का?’ हा असतो. किलोमीटर, रंग, सनरूफ नंतर. हे गाव लोखंडाचं आहे. शिवाजी उद्यमनगरात हेड फेसिंग, बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, बुश काढून देणं ही रोजची कामं आहेत आणि ती पुण्यापेक्षा निम्म्या बोलाचालीत होतात. वायरिंग, मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर), कोडिंग निघालं की मात्र गाडी टोचन लावून पुण्याला, म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. लोखंडी दुखणं असलेली गाडी इथे सांभाळता येते, सॉफ्टवेअरचं दुखणं असलेली अवघड जाते.

आधी पैशाचा हिशेब

दहा लाख हातात असतील तर सात-साडेसातची गाडी बघा. उरलेले पहिल्या वर्षाच्या कामाला बाजूला ठेवायचे आणि ते विमा-टॅक्सला वापरायचे नाहीत. पहिल्या वर्षी खर्च होतोच, कारण आधीच्या मालकाने विकायचं ठरवल्यापासून गाडीवर पैसा लावलेला नसतो.

पुढचे आकडे चौकशीला आधार म्हणून घ्या. स्वतंत्र गॅरेजचे ढोबळ भाव आहेत, ब्रँड आणि डॉलरप्रमाणे हलतात. डिझेलचा एक नवा इंजेक्टर पंचवीस ते चाळीस हजार, आणि गाडीत असतात चार किंवा सहा. नवा टर्बो लाखाच्या पुढे, रिकंडिशन त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शात. मागून चेन असलेल्या इंजिनाची टायमिंग चेन लाखाच्या आसपास, त्यातही मोठा भाग मजुरीचा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर चाळीस-पन्नास हजार. एअर सस्पेन्शनच्या एका फुग्याला नामांकित कंपनीचा माल घेतला तर चाळीस हजारांच्या पुढे. यातली कोणतीही दोन कामं एका वर्षात आली तर घरात बोलणी खायची तयारी आहे का, हे आधी ठरवा.

बॅज सोडा, इंजिनाचा कोड विचारा

‘मर्सिडीजची सी-क्लास चांगली का ऑडीची ए-फोर?’ या प्रश्नाला उत्तर नाही. एकाच सी-क्लासमध्ये वेगवेगळ्या वर्षी चार-पाच इंजिनं बसली आहेत, एक बैलासारखं राबणारं, दुसरं खिसा कापणारं. चासी नंबर मागून घ्या. तो ऑनलाइन पार्ट कॅटलॉगमध्ये टाकला की इंजिनाचा कोड आणि गाडी बनल्याचा महिना कळतो. विकणारा चासी नंबर द्यायला का-कू करत असेल तर तिथेच नमस्कार.

बीएमडब्ल्यूचं एन ४७ हे दोन लिटर डिझेल साधारण २००७ पासून २०१४ पर्यंत ३२०डी, ५२०डी, एक्स १ मध्ये बसलं. पिकअप झकास, अ‍ॅव्हरेज चांगलं. पण टायमिंग चेन इंजिनाच्या पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेनचे प्लास्टिक गाइड झिजतात, चेन सैल होते, आणि तुटली तर व्हॉल्व्ह-पिस्टन एकमेकांवर आदळतात. नुसती चेन बदलायलाही गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं. २०११ च्या आधीच्या गाड्यांत हे जास्त दिसतं. चेन बदलल्याचं बिल असेल तर ही गाडी चांगली, नसेल तर किमतीतून लाख रुपये वजा करूनच बोला. सहा सिलिंडरच्या एन ५७ डिझेललाही चेन मागेच आहे, पण ते जास्त दणकट निघालं. याच घराण्यातल्या डिझेल गाड्या ईजीआर कूलरमधून (इंजिनात परत पाठवायचा धूर थंड करणारा भाग) कूलंट गळून आग लागण्याच्या धोक्यामुळे २०१८ मध्ये जगभरात परत बोलावल्या होत्या. चासी नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, तुमच्या गाडीचं काम झालंय का.

मर्सिडीजचं ओएम ६५१, म्हणजे २२० आणि २५० सीडीआयचं २.१ लिटर डिझेल. ब्लॉक बिडाचा आहे, म्हणजे आपल्याकडचा मेस्त्री तो ओळखतो. सुरुवातीच्या, साधारण २०११ पर्यंतच्या गाड्यांत डेल्फीचे पिझो इंजेक्टर होते आणि ते बऱ्याच गाड्यांत गेले, पुढे कंपनीनेच साधे सोलेनॉइड इंजेक्टर बसवले. हे इंजेक्टर कधी बदलले, बिल कुठे आहे, एवढं विचारलं की निम्मी गाडी कळते.

इंजेक्टरचीच आणखी एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. प्रत्येक इंजेक्टरच्या टोकाला तांब्याचा वॉशर असतो, किंमत किरकोळ. तो नीट बसला नाही की ज्वलनाचा गॅस बाजूने वर येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर साठत जातो. वरचं कव्हर काढायला सांगा, टॉर्च मारा, काळं फुगलेलं दिसतंय का बघा. इंजिन चालू असताना तिथून ‘फुस्‌फुस्‌’ असा आवाजही येतो. सुरुवातीलाच पकडलं तर साफसफाई, नवा वॉशर आणि नवा दाब-बोल्ट एवढ्यावर भागतं. तो बोल्ट ताणला जाणारा असतो, जुना परत लावायचा नाही. दोन वर्षं तसंच चालवलं की इंजेक्टर हेडमध्ये चिकटतो, खेचताना तुटतो, आणि वॉशरचं काम हेड उतरवण्यापर्यंत जातं. बहुतेक महागड्या बिलांची सुरुवात अशीच शे-दोनशे रुपयांच्या वस्तूपासून झालेली असते.

तीन लिटर व्ही-६ डिझेल, ओएम ६४२ (ई ३५० सीडीआय, एमएल, जीएल), चालवायला राजा. याचा ऑइल कूलर सिलिंडरच्या दोन ओळींच्या मधल्या खाचेत, टर्बो आणि मॅनिफोल्डच्या खाली बसवलाय. त्याची दोन रबरी सीलं उष्णतेने कडक होतात. पहिली नारिंगी यायची, सुधारित जांभळी येतात. गळलेलं तेल इंजिनाच्या मागच्या बाजूने बेल-हाउसिंगवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या जोडावरच्या कवचावर टपकतं, त्यामुळे अनेकदा क्रँकचं मागचं सील गेलं असं समजून गिअरबॉक्स खाली उतरवला जातो. गळती तिथली नसतेच. मेस्त्रीने ‘रिअर सील’ म्हटलं तर आधी वरून खाचेत तेल साठलंय का बघायला लावा. सीलं स्वस्त आहेत, पण तिथपर्यंत हात पोहोचायला टर्बोसकट वरचा सगळा पसारा उतरवावा लागतो. मजुरीचा आकडा ऐकून घाबरू नका, काम खरंच तेवढं असतं.

पेट्रोलमध्ये ऑडी आणि स्कोडाचं दुसऱ्या पिढीचं ईए ८८८, म्हणजे २००८ ते २०१२ च्या दरम्यानची १.८ आणि २.० टीएफएसआय/टीएसआय. हे तेल खातं. पिस्टनच्या रिंगा पातळ, तेल परत जायची भोकं बारीक, ती कार्बनने बुजतात. शिवाय जुना चेन टेन्शनर दगा देतो, आणि दिला की व्हॉल्व्ह वाकतात. पण ब्लॉक इथेही बिडाचा. सुधारित पिस्टन-रिंग मागवून होनिंग करून इंजिन बांधायचं काम कोल्हापुरात होऊ शकतं. दीड-दोन लाख धरा. स्कोडा सुपर्ब स्वस्तात मिळाली आणि इंजिन एकदाच नीट बांधलं तर पुढे ती बरीच वर्षं साथ देते, म्हणून मी हिला यादीतून काढत नाही.

२००४ ते २००८ च्या सुमाराची मर्सिडीज व्ही-६ पेट्रोल, एम २७२, हिच्या बॅलन्स शाफ्टचं दातेरी चाक झिजतं आणि ते बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं. अ‍ॅल्युमिनियमच्या बोअरला आपल्या नेहमीच्या पद्धतीने बोअरिंगही करता येत नाही. सोडा. लँड रोव्हर आणि जग्वारचं टीडीव्ही ६ डिझेलही सोडा, त्यात मेन बेअरिंग जाऊन क्रँक तुटल्याची उदाहरणं जगभर आहेत. तुटल्यावर उद्यमनगरातसुद्धा हात जोडतात.

माझ्या पसंतीच्या तीनच. मर्सिडीजची डब्ल्यू २११ पिढीची ई २२० सीडीआय, ओएम ६४६ इंजिनाची, शक्यतो २००६ च्या मध्यानंतरची, कारण त्याआधीच्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक एसबीसी ब्रेक होते आणि त्यांचा पंप महाग पडतो. दुसरी, बीएमडब्ल्यू ५२५आय किंवा ३२५आयमधलं टर्बो नसलेलं एन ५२ सहा सिलिंडर पेट्रोल. इलेक्ट्रिक वॉटर पंप आणि व्हॉल्व्ह कव्हर गॅस्केट सोडलं तर तक्रार कमी. तिसरी, व्होल्वोचं पाच सिलिंडर डी ५ डिझेल. त्याला चेन नसून पुढे टायमिंग बेल्ट आहे, वेळेवर बदलला की विषय संपला. पार्टची वाट मात्र बघावी लागते.

कागद आणि पाणी

वाहन पोर्टलवर नंबर टाकून मालक कितवा, कर्जाचा बोजा, विमा आणि चलन बघणं हे आता सगळ्यांना माहीत आहे. सर्व्हिसच्या बिलांत तारखा आणि किलोमीटर ओळीने वाढत गेलेले हवेत. ८०,००० नंतरचं पुढचं बिल ६२,००० चं असेल तर समजून जा.

दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिथून स्वस्त गाड्या इकडे येतात. गाडी चांगली असूही शकते. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथे वाहन कर, एमएच ०९ नंबर, हा सगळा खर्च आणि हेलपाटे किमतीत धरा. ‘एनओसी येईल नंतर’ म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच द्या.

इंधनाचाही इतिहास असतो. २०१० मध्ये बीएस-४ हे इंधन-प्रदूषणाचं मानक आलं ते १३ शहरांत. त्यात पुणे होतं, सोलापूर होतं, कोल्हापूर नव्हतं. देशभर ते २०१७ ला आलं. बीएस-३ डिझेलमध्ये गंधक ३५० पीपीएमपर्यंत, बीएस-४ मध्ये ५०, आताच्या बीएस-६ मध्ये १०. गंधकामुळे इंजिन ऑइल लवकर आम्लधर्मी होतं. म्हणजे त्या काळात आपल्याकडे चाललेल्या गाडीचं तेल परदेशी पुस्तकात लिहिलंय म्हणून वीस-वीस हजारांवर बदललं असेल, तर चेन आणि टर्बोने ते सोसलेलं असतं.

आणि पूर. २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांवर गेली, जिथे धोक्याची पातळी ४३ आहे. २०२१ ला परत तेच. शाहूपुरी, नागाळा पार्कच्या बेसमेंटमध्ये ज्या गाड्या बुडाल्या, त्या सगळ्या भंगारात गेल्या असं समजू नका. बऱ्याच धुऊन-पुसून, अत्तर मारून परत बाजारात आल्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसते का बघा. डिकीतलं स्टेपनीचं खोकं उचला. कार्पेट कोपऱ्यात सोडवून खाली हात घाला, कारण या गाड्यांची मॉड्यूलं पायाखाली आणि डिकीत असतात. पाण्यात बुडालेलं मॉड्यूल लगेच मरत नाही, दोन पावसाळ्यांनी मरतं. बुडालेली गाडी फुकट मिळाली तरी नको.

सकाळी, थंड इंजिनावर

आदल्या दिवशी फोन करून सांगा, ‘काका, गाडी चालू करू नका, मी सकाळी येतो.’ पोहोचल्यावर आधी बॉनेटवर आणि कूलंटच्या टाकीवर हात ठेवा. कोमट लागली तर गाडी तुमच्यासाठी गरम करून ठेवलीय, परत या. थंड सुरुवातीलाच चेन बोलते, इंजेक्टर बोलतात, धूर दिसतो. गरम झाल्यावर सगळ्याच गाड्या सभ्य असतात.

चालू करायला दुसऱ्याला बसवा, तुम्ही बाहेर थांबा. पहिल्या दोन-तीन सेकंदांचा खडखडाट ऐका. एन ४७ ला पुढून ऐकून उपयोग नाही. खाली वाकून इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे कान द्या आणि हळूहळू दीड-दोन हजार आरपीएमपर्यंत रेस द्यायला सांगा. धातू घासल्यासारखा आवाज आला तर चेन. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे तेल, गोडसर वासाचा न थांबणारा पांढरा म्हणजे कूलंट. ऑइलचं झाकण उघडा. थोडी वाफ चालते, भसाभसा फुंकर नको.

मग स्कॅनर. बाजारातलं हजार रुपयांचं ब्लूटूथ यंत्र यासाठी पुरत नाही, त्या ब्रँडचा सगळा डेटा वाचणारा स्कॅनर असलेला मेस्त्री सोबत न्या, त्याचे हजार-दोन हजार आनंदाने द्या. त्याला तीन गोष्टी बघायला सांगा: प्रत्येक इंजेक्टरचं करेक्शन (त्याचं डिझेल किती कमी-जास्त करून सांभाळलं जातंय), डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी जाळी) असेल तर त्यातली राख, आणि इंजिनाखेरीज इतर मॉड्यूलमध्ये नोंदलेले किलोमीटर. मीटर मागे फिरवणारे बऱ्याचदा डॅशबोर्डच फिरवतात, बाकीच्या ठिकाणी खरा आकडा राहून जातो. बिघाडाचे सगळे कोड नुकतेच पुसलेले दिसले तर तेही एक उत्तरच आहे.

गावातल्या गावात चक्कर मारून काही कळत नाही. पन्हाळ्याच्या रस्त्याला वाघबीळचा चढ चढवा. चढावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला की टर्बोचं खरं पिकअप कळतं, गिअर झटका देतो का कळतं, टेम्परेचर काटा हलतो का दिसतं. उतरताना पाय पूर्ण सोडा आणि खाली परत दाबून आरशात बघा. निळा लोट आला तर व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो. परत आल्यावर इंजिन बंद न करता पाच मिनिटं उभं ठेवा आणि खाली टॉर्च मारा.

कोणाचं काम कोणाकडे

एकाच गॅरेजवर सगळं सोपवू नका. स्कॅनिंग, कोडिंग, चावी, एअरबॅग हे त्या ब्रँडच्या माणसाकडे, मग तो पुण्यात का असेना. चेनच्या कामाला टायमिंग लॉक करायची खास टूलं लागतात. ‘खूण करून काढतो आणि तशीच बसवतो’ म्हणणाऱ्या मेस्त्रीला नम्रपणे नको म्हणा, तो इतर गाड्यांचा कितीही मोठा उस्ताद असला तरी. हेड, ब्लॉक, क्रँक, सस्पेन्शनचे आर्म आणि बुश, रेडिएटर, सायलेन्सर हे सगळं कोल्हापुरात बिनधास्त करा. इथला मेस्त्री एकदा गाडीत रमला की बिलापेक्षा जास्त काम करतो. फक्त त्याला टॉर्कचे आकडे छापून द्या. अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट अंदाजाने आवळले की तुटतात, आणि एन ५२ मध्ये ते एकदा काढले की नवेच लावायचे असतात.

पार्टच्या बाबतीत, मर्सिडीजचा तारा छापलेल्या खोक्यातला फिल्टर आणि मान किंवा माहले कंपनीच्या खोक्यातला फिल्टर अनेकदा एकाच कारखान्यातले असतात, किमतीत मात्र बराच फरक. सस्पेन्शनला लेमफोर्डर, इलेक्ट्रिकला बॉश, गॅस्केटला एलरिंग किंवा व्हिक्टर राइन्झ. बाजारात यांचेही डुप्लिकेट आहेत, म्हणून बिल देणाऱ्याकडूनच घ्या.

घेतल्यावर पहिल्या महिन्यात

विक्रेत्याने ‘सर्व्हिस करून दिलीय’ म्हटलं तरी इंजिन ऑइल बदला, आणि योग्य ग्रेडचं. मर्सिडीज डिझेलला २२९.५१ किंवा २२९.५२, बीएमडब्ल्यूला एलएल-०४, ऑडी-स्कोडाला ५०४/५०७ मंजुरी डब्यावर छापलेली हवी. नुसतं ‘५डब्ल्यू-३०’ वाचून घेऊ नका. पुढे सात-आठ हजारांवर बदलत राहा, मीटर काही का सांगेना. ओएम ६५१ ला साडेसहा लिटर लागतं, त्यामुळे खर्च थोडा वाटतो, पण इंजेक्टरपुढे काहीच नाही.

गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभरासाठी’ असतं असं कंपनीचा माणूस सांगेल. बीएमडब्ल्यूचे बरेचसे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटर किंवा साधारण आठ वर्षांत बदला म्हणते. मी झेडएफचं ऐकतो. कूलंट, बेल्ट, ब्रेक ऑइल आणि बॅटरीही लगेच बघून टाका. बॅटरी अशक्त असली तरी या गाड्या वाट्टेल ते कोड दाखवतात, आणि लोक उगाच मॉड्यूल बदलत बसतात.

डीपीएफ असेल तर राजारामपुरी ते शाहूपुरी एवढीच गाडी चालवून ती कधीच साफ होत नाही. आठवड्यातून एकदा कागलकडे किंवा साताऱ्याकडे हायवेला अर्धा तास सलग पळवा. पेट्रोलवाल्यांना वेगळी काळजी. आता पंपावर ई २०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यातलं इथेनॉल आपल्याच कारखान्यांच्या उसाचं असलं तरी या जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल ओलावा ओढतं. गणपती ते दिवाळी गाडी फक्त झाकून ठेवायची असेल तर टाकीत जुनं पेट्रोल महिनोन् महिने ठेवू नका, आणि इंधनाच्या रबरी नळ्या दर वर्षी बोटाने दाबून बघा, चिरा पडल्या की बदला.

कुठे हात आखडायचा

एका दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला की थांबा आणि दोन ठिकाणी लेखी अंदाज घ्या. इंजिन उतरवणारच असाल तर तिथेच हाताशी येणारी सीलं, मोटर माउंट, वॉटर पंप एकाच वेळी बदला, मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागत नाही. इंजिन पूर्ण गेलं तर मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला वापरलेलं मिळतं. ते घेताना कोड तोच आहे का, चेनचा आवाज आहे का, कॉम्प्रेशन किती, हे सगळं वर सांगितल्यासारखंच तपासा, आणि बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या. गाडीत बसवल्यावर तो नंबर एमएच ०९ च्या आरटीओत आरसीवर चढवून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. नाहीतर पुढच्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअर बॉनेट उघडून पहिल्यांदा तेवढंच बघेल.